नवख्या डिफेन्सिव्ह लाइनमनची पारख: सॅक मोजण्याआधी काय बघायचं

एनएफएलमधला (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) एखादा नवा डिफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीतला खेळाडू, किती तयारीचा आहे हे ठरवताना बहुतेक चाहते सॅकचा आकडा बघतात आणि तिथेच थांबतात. सॅक म्हणजे पास सुटण्याआधी क्वार्टरबॅकला मागेच पाडणं; दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकाला अर्धा. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंच्या निवडीत, न्यूयॉर्क जेट्सनी अलाबामाच्या क्विनन विल्यम्सला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या मोसमात त्याचे सॅक झाले अडीच. तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूकडून एवढंच? निवड वाया गेली म्हणणारे तेव्हा पुष्कळ निघाले. पुढे २०२२ मध्ये याच विल्यम्सनं १२ सॅक केले, मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, म्हणजे ऑल-प्रोच्या, पहिल्या संघात जागा मिळवली आणि २०२३ च्या जुलैत जेट्सनी त्याच्याशी ४ वर्षांचा ९ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. पहिल्या मोसमात तो अवघा २१ वर्षांचा होता.

लाइनमन घडायला वेळ लागतो, आणि घडत असताना त्याची प्रगती आकड्यांत उशिरा उतरते. ती आधी दिसते हातापायांत, उभं राहण्याच्या पद्धतीत, आणि समोरचा संघ त्याच्यासाठी किती माणसं खर्च करतो त्यात. हे सगळं घरबसल्या बघता येतं. अमेरिकन फुटबॉलचे चार डाउन, क्वार्टरबॅक, स्नॅप एवढं ज्याला कळतं त्याला पुढची पद्धत जमेल. माझा भर आतल्या फळीवर, म्हणजे नोज टॅकल आणि डिफेन्सिव्ह टॅकलवर आहे, कारण सगळ्यात जास्त अन्याय त्यांच्यावरच होतो. कडेनं क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्या एज रशरलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

पायरी १: त्याला काम काय दिलंय ते आधी शोधा

हे न करता केलेलं कुठलंही मूल्यमापन फुकट आहे. चेंडू स्नॅप होण्याआधी चित्र थांबवा आणि आपला माणूस नेमका कोणासमोर उभा आहे ते बघा. या जागांना आकडे आहेत, आणि ते समोरच्या फळीवरून ठरतात: मध्ये चेंडू स्नॅप करणारा सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर ऑफेन्सिव्ह टॅकल. सेंटरच्या बरोबर नाकासमोर असेल तर शून्य टेक्निक, सेंटरच्या खांद्यावर असेल तर एक, गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर असेल तर तीन, ऑफेन्सिव्ह टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर असेल तर पाच. सम आकडा म्हणजे साधारणपणे समोरासमोर, विषम म्हणजे खांद्यावर. सेंटर आणि गार्डमधली फट ती ए गॅप, गार्ड आणि टॅकलमधली बी गॅप, त्याच्याबाहेर सी.

यानंतरचा प्रश्न असा की त्याच्याकडे एक गॅप आहे की दोन. एक गॅप असलेला लाइनमन चेंडू हलला की आपल्या फटीत मुसंडी मारतो. दोन गॅप असलेल्याला आधी समोरच्याला छातीवर घ्यावं लागतं, हात लांब ताणून त्याला दूर ठेवावं लागतं, चेंडू कोणत्या बाजूला जातोय ते वाचावं लागतं आणि मग त्या बाजूला सुटावं लागतं. दुसरं काम करणाऱ्याला सॅक कमीच मिळणार. त्याच्यावर सॅकचा हिशेब लावणं चूक आहे.

डेक्स्टर लॉरेन्सचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. न्यूयॉर्क जायंट्सनी त्याला २०१९ मध्ये १७ व्या क्रमांकावर घेतलं. जवळपास ३४० पौंडांचा अवाढव्य माणूस. पहिल्या तीन मोसमांत त्याचे सॅक होते अडीच, चार आणि पुन्हा अडीच. हा फक्त धाव (चेंडू हातात घेऊन पळण्याची चाल) अडवण्यापुरता, असा शिक्का बसायला एवढं पुरेसं होतं. २०२२ मध्ये डॉन मार्टिनडेल बचावाचे समन्वयक म्हणून आले, लॉरेन्स प्रामुख्यानं सेंटरसमोर खेळू लागला आणि साडेसात सॅकसह प्रो बोलमध्ये, म्हणजे मोसमातल्या निवडक खेळाडूंत, पोचला. नोज टॅकलला साडेसात सॅक म्हणजे खायचं काम नाही. माझ्या मते २०२१ आणि २०२२ मधला लॉरेन्स इतका वेगळा नव्हताच, जितकं त्याचं काम वेगळं होतं.

पायरी २: किती स्नॅप, आणि कुठले

प्रो फुटबॉल रेफरन्स या संकेतस्थळावर प्रत्येक सामन्यात कोण किती स्नॅप, म्हणजे किती खेळी, मैदानात होता ते मोफत बघता येतं. आतल्या फळीतले खेळाडू आलटूनपालटून खेळतात. नियमित खेळणारासुद्धा साधारण साठ-सत्तर टक्के स्नॅपच मैदानात असतो, नवखा त्याहून बराच कमी. म्हणून एकूण आकड्यांची तुलना करू नका, दर स्नॅपमागे किती ते बघा. सिनसिनाटी बेंगल्सनी २०१० मध्ये चौथ्या फेरीत घेतलेला जीनो अ‍ॅटकिन्स पहिल्या वर्षी मर्यादित वेळच खेळला आणि त्यात त्याचे ३ सॅक झाले. वरवर किरकोळ आकडा. दुसऱ्या वर्षी पूर्णवेळ संधी मिळाल्यावर साडेसात, तिसऱ्या वर्षी साडेबारा.

स्नॅप कुठले मिळतात हे आकड्याहूनही बोलकं असतं. तिसरा डाउन आणि आठ-दहा यार्ड हवे असताना प्रशिक्षक त्याला बाहेर काढत असतील, तर पास रशर, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जाणारा, म्हणून त्यांचा त्याच्यावर अजून भरवसा नाही. फक्त अशा वेळीच आत आणत असतील, तर धाव अडवताना तो रेटला जातो अशी त्यांना धास्ती आहे. गोल लाइनवरही ठेवतात आणि तिसऱ्या डाउनलाही ठेवतात, असा नवखा सापडला तर त्याच्याकडे नीट लक्ष द्या. प्रशिक्षक दररोज त्याला सरावात बघतात, त्यांचं मत त्यांच्या निवडीतून फुकट कळतं.

पायरी ३: सामना बघायचा तो चेंडू सोडून

दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यामुळे लाइनमनची झटापट अर्ध्यात सुटते. ज्यांना शक्य आहे त्यांनी ऑल-२२ चित्रण मिळवावं. त्यात मैदानावरचे सगळे २२ खेळाडू दिसतात, आणि फळीच्या मागून घेतलेला एंड झोनचा कोन आपल्या कामाचा असतो. तो नसेल तरी हरकत नाही. मूळ प्रक्षेपणातही पहिले दोन-अडीच सेकंद फळी चौकटीत असते आणि आपल्याला हवं ते बहुतेक त्यातच घडतं. भारतात रविवारचा पहिला सामना रात्री साडेदहाला सुरू होतो, अमेरिकेतली घड्याळं नोव्हेंबरात मागे गेली की साडेअकराला. तेव्हा थेट सामना बघण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी मागेपुढे करत बघणंच या कामाला बरं.

एकाच खेळाडूचे तीन सामने निवडा: एक चांगल्या ऑफेन्सिव्ह लाइनविरुद्ध, एक दुबळ्या लाइनविरुद्ध, एक डिसेंबरातला. यूट्यूबवरच्या निवडक चित्रफिती बघून मत बनवू नका, त्यात हरलेले स्नॅप नसतात. सराव शिबिरातल्या एकास एक लढतींच्या चित्रफितीही बाजूला ठेवा. तिथे रशरला मोकळं रान असतं, ब्लॉक करणाऱ्याच्या मदतीला कोणी नसतं आणि पास सुटायची घाईही नसते.

प्रत्येक स्नॅप तीनदा बघा. पहिल्यांदा फक्त पाय. चेंडू हलला तेव्हा फळीत सगळ्यात आधी कोण हललं? आपला माणूस सतत अर्धं पाऊल मागे राहत असेल तर बाकीचं सगळं त्याला अवघड जाणार. दुसऱ्यांदा खांदे आणि कंबर. तीन-चार पावलांनंतरही त्याचे खांदे समोरच्याच्या खांद्यांखाली आहेत का? थकला की लाइनमन सगळ्यात आधी सरळ उभा राहतो, आणि उभा राहिलेल्याला कोणीही ढकलतं. तिसऱ्यांदा हात. हात समोरच्याच्या छातीच्या आतल्या भागात आधी कोणाचे पोचले? ज्याचे आत, त्याचा ताबा.

आता एक स्नॅप जवळून बघू. तिसरा डाउन, आठ यार्ड हवेत. आपला माणूस गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर, म्हणजे तीन टेक्निकला. चेंडू हलतो. गार्ड अर्धं पाऊल मागे सरकतो आणि दोन्ही हात छातीवर मारायला पुढे आणतो. आपला माणूस ते हात येऊ देतो, ऐन वेळी एका हातानं गार्डचं कोपर बाजूला हाणतो आणि दुसरा हात त्याच्या काखेखालून वर उपसून काढतो. याला रिप म्हणतात. नुसत्या हातानं भागत नाही. त्याच क्षणी कंबरही क्वार्टरबॅककडे वळली पाहिजे, नाहीतर गार्ड त्याला खांद्यानं रेटत मागच्या बाजूनं बाहेर घालवतो. इथे कंबर वळली, गार्ड मागे पडला, वाट मोकळी झाली. तेवढ्यात क्वार्टरबॅकनं पास सोडला आणि बारा यार्ड मिळाले. आकडेवारीत आपल्या माणसाच्या नावापुढे काहीच नाही. तुमच्या वहीत मात्र हा स्नॅप स्वच्छ जिंकलेला म्हणून लिहायचा.

त्यानंतरच्या पासच्या वेळी काय होतं ते आणखी महत्त्वाचं. गार्ड आता रिपची वाट बघत बसलाय. हात उशिरा आणतो, कोपर अंगाशी धरून ठेवतो. पहिला डाव फसला. मग आपला माणूस काय करतो? छातीला छाती लावून नुसता रेटत राहिला तर स्नॅप हरला. गार्डचा तोल बाहेर गेलाय हे ओळखून आतल्या बाजूला गिरकी घेतली, किंवा त्याला आधी ढकलून मग झटक्यात स्वतःकडे ओढलं, तर समजा की हा शिकणारा खेळाडू आहे. कॉलेजात एका डावावर सगळं भागून जातं. एनएफएलमधले गार्ड आठवडाभर चित्रण बघून येतात आणि मोसमाच्या मध्यावर त्या एका डावाचा पुरता बंदोबस्त करतात. दुसरा डाव कधी आला, कोणत्या महिन्यात आला, याची नोंद मी आवर्जून ठेवतो. घडणाऱ्या लाइनमनबद्दल यापेक्षा खात्रीची खूण मला माहीत नाही.

वही साधी ठेवा. डाउन आणि हवे असलेले यार्ड, कुठे उभा होता, समोर एक की दोन, जिंकला की हरला की बरोबरी, आणि कशामुळे. चौथ्या क्वार्टरचे स्नॅप वेगळ्या रंगानं लिहा.

पायरी ४: समोर कोण होतं

राखीव गार्डला हरवून मिळालेले दोन सॅक आणि प्रो बोल दर्जाच्या गार्डला हरवून क्वार्टरबॅकवर आणलेला दबाव यांची बरोबरी होत नाही. सामन्याआधी समोरच्या संघाची जखमींची यादी बघायची सवय लावून घ्या.

मग दुहेरी ब्लॉक मोजा, म्हणजे दोघांनी मिळून त्याला अडवलेले स्नॅप. सेंटर चेंडू देऊन कोणाकडे वळतो? विरोधी संघ आपल्या नवख्याकडे दुसरा माणूस पाठवायला लागला, तर त्याला तुमच्याआधी त्यांनी मान्यता दिलेली असते. जेलन कार्टरचं बघा. फिलाडेल्फिया ईगल्सनी त्याला २०२३ मध्ये नवव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या मोसमात आलटूनपालटून खेळत ६ सॅक. २०२४ मध्ये तो जवळजवळ सतत मैदानात राहिला, त्याच्यावर दोघं-दोघं धावून येऊ लागले आणि सॅक उतरले साडेचारवर. फक्त आकडा बघणारा म्हणेल की घसरला. त्याच वर्षी तो ऑल-प्रोच्या दुसऱ्या संघात होता आणि त्या मोसमाअखेर ईगल्सनी सुपर बोल जिंकला. त्याच्यामुळे शेजारच्यांना एकास एक लढती मिळत होत्या.

पायरी ५: धाव अडवणं

हा भाग बघायला कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक टाळतात, पण नवख्याची मैदानातली जागा टिकते ती इथेच. एक गोष्ट बघा: दुहेरी ब्लॉक आल्यावर तो कुठे जाऊन थांबतो. जिथे होता तिथेच पाय रोवून राहिला, किंवा एक गुडघा टेकवून दोघांचा गठ्ठा करून टाकला, तर त्यानं काम केलं. दोन यार्ड मागे ढकलला गेला तर त्याच्यामागच्या लाइनबॅकरची वाटच बंद होते. ज्या धावेत आपला नोज टॅकल दोघांना अडकवून ठेवतो, तिथे पकड नोंदवली जाते लाइनबॅकरच्या नावावर. म्हणून पकडींच्या संख्येवरून आतल्या लाइनमनला जोखू नये. धाव दुसऱ्या बाजूला गेली तेव्हा तो ब्लॉक सोडवून पाठलाग करतो की उभा राहून बघतो, तेही लिहून ठेवा.

पायरी ६: आता आकडे उघडा

स्वतःची वही भरल्यावरच. आधी आकडे बघितले की डोळ्यांना तेच दिसायला लागतं.

सॅक १९८२ पासून अधिकृतपणे मोजले जातात. आपल्याकडच्या वाचकांना सांगायचं तर सॅक म्हणजे विकेट, आणि दबाव म्हणजे बॅटची कड चुकवून गेलेला चेंडू. जो गोलंदाज तासभर बॅटला चकवत राहतो त्याला आज ना उद्या विकेट मिळतातच, एखाद्या फुलटॉसवर मिळालेल्या विकेटला मात्र फारसा अर्थ नसतो. सॅकमध्येही असे फुलटॉस पुष्कळ असतात. मागच्या फळीनं सगळे रिसीव्हर झाकल्यामुळे क्वार्टरबॅक चार सेकंद चेंडू धरून उभा राहतो, किंवा एज रशरला चुकवताना तो आपल्या माणसाच्या अंगावरच येऊन आदळतो, किंवा कोणाला ब्लॉकच करायचं सुचत नाही. प्रत्येक सॅक बघा आणि तो कसा मिळाला ते लिहा. नवख्याचे सॅक मुळातच इतके थोडे असतात की असे दोन वजा झाले तरी चित्र पालटतं.

सॅकपेक्षा दबाव भरवशाचा, कारण तो वरचेवर घडतो आणि एका मोसमातून पुढच्या मोसमात त्यात सातत्य जास्त दिसतं. एकूण दबाव भागिले पास रशचे स्नॅप, एवढा हिशेब करा. ईएसपीएनचा पास रश विन रेट याच्याही पुढे जातो. खेळाडूंच्या खांद्यांवरच्या पॅडमध्ये बसवलेल्या चिपांच्या आधारे, रशरनं अडीच सेकंदांच्या आत ब्लॉकवर मात केली का, हे त्यात मोजतात. वर सांगितलेला बारा यार्डांचा पास आठवा. तो स्नॅप या मोजणीत जिंकलेला ठरतो. प्रो फुटबॉल फोकस ही विश्लेषण करणारी कंपनी प्रत्येक स्नॅपला उणे २ ते अधिक २ असे अर्ध्या-अर्ध्या टप्प्यानं गुण देते आणि त्यातून १०० पैकी श्रेणी काढते. ती उपयोगी आहे, पण गुण देणाऱ्याला त्या स्नॅपवर बचावाला नेमकी कोणती योजना सांगितली होती ते माहीत नसतं. तुमच्या वहीत आणि त्यांच्या श्रेणीत मोठी तफावत आली तर ते स्नॅप पुन्हा बघा, लगेच त्यांच्या बाजूला जाऊ नका.

आणखी एक गोष्ट कुठल्याही तक्त्यात ठळक दिसत नाही: हात वर करून अडवलेले पास. जे. जे. वॉटनं २०१२ मध्ये साडेवीस सॅक केले हे सगळ्यांना आठवतं. त्याच मोसमात त्याच्या नावावर अडवलेले १६ पासही होते. जो क्वार्टरबॅकपर्यंत पोचू शकत नाही पण हात वर करतो, त्याला खेळ कळतोय.

ड्राफ्टआधीच्या कंबाइन चाचण्यांना किती वजन द्यायचं? खेळाडू कॉलेजातून बाहेर पडताना द्या, दुसऱ्या मोसमानंतर जवळपास विसरून जा. ॲरन डोनल्ड ६ फूट १ इंच उंचीचा, आतल्या फळीसाठी बुटका, म्हणून शंका काढल्या गेल्या. २८५ पौंड वजनाचा तो माणूस ४० यार्ड ४.६८ सेकंदांत धावला, २०१४ मध्ये १३ व्या क्रमांकावर गेला आणि तीन वेळा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. उलट २००८ मध्ये जेट्सनी सहाव्या क्रमांकावर घेतलेला एज रशर व्हर्नन गोल्स्टन अंगापिंडानं आणि चाचण्यांत अफलातून होता. तीन मोसमांत त्याचा एकही सॅक झाला नाही.

पायरी ७: मोसमागणिक तुलना

पहिल्या वर्षाचे दोन तुकडे करा. कॉलेजचा मोसम साधारण १२-१३ सामन्यांचा, एनएफएलचा १७ सामन्यांचा, शिवाय त्याआधीचे सराव सामने. नोव्हेंबरच्या शेवटी नवख्यांचे पाय जड होतात, खांदे वर येतात. त्यावरून त्याला नाकारू नका. दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरातही तेच दिसलं तर मात्र काळजीचं आहे.

दोन मोसमांत प्रशिक्षक, जागा किंवा वजन बदललं असेल तर आधी ते लिहून ठेवा. मग एवढंच तपासा: दर स्नॅपमागे दबाव वाढला का, दुहेरी ब्लॉक वाढूनही तो टिकला का, दुसरा डाव आला का. कॅन्सस सिटी चीफ्सच्या क्रिस जोन्सचे सॅक पहिल्या तीन मोसमांत २, साडेसहा आणि साडेपंधरा असे चढत गेले. इतकी सरळ चढण क्वचितच बघायला मिळते. बहुतेकांची वाट विल्यम्ससारखी असते: अडीच, सात, सहा आणि मग बारा. मधलं ते सहा बघून ज्यांनी आशा सोडली त्यांना फक्त आकडा दिसत होता.

निकाल कधी लिहायचा याचं वेळापत्रक संघांनीच घालून दिलंय. ड्राफ्ट झालेल्या खेळाडूचा पहिला करार ४ वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचं पाचवं वर्ष घ्यायचं की नाही हे संघाला तिसऱ्या मोसमानंतरच्या मे महिन्याच्या सुरुवातीलाच ठरवावं लागतं, आणि ते घेतलं की ती रक्कम हमीची होते. बाकी फेऱ्यांतल्यांना पाचव्या वर्षाची तरतूद नसते, पण तिसरा मोसम संपल्यावर त्यांचाही करार वाढवता येतो. तेव्हा तिसऱ्या मोसमातला शेवटचा सामना झाला की वही काढा आणि संघाचा निर्णय जाहीर होण्याआधी तुमचा लिहा: पूर्णवेळ, ठरावीक स्नॅपपुरता, की दुसऱ्या संघात दुसऱ्या टेक्निकला खेळवून बघण्याजोगा. खाली तारीख घाला आणि ज्या तीन स्नॅपवरून हे ठरवलं ते सामना आणि क्वार्टरसकट नोंदवा.